पन्नाशीतला आर्ने

योर्गेनने पडद्यावर विद्यापीठाचं पान उघडलं तेव्हा अर्धा वर्ग पेंगत होता आणि उरलेला अर्धा पेंगायला नीटशी जागा शोधत होता. आठवड्यातला सगळ्यात रटाळ तास, खिडकीबाहेर ऑक्टोबरचा करडा उजेड, आणि त्यात समाजशास्त्र. म्हणजे जिवंत माणसाची परीक्षाच.

"हे येते सेमिनार," योर्गेन म्हणाला. "अर्थशास्त्र आणि समाजविज्ञान. कोणीही जाऊन बसू शकतं. यातल्या एकाला आपण जायचंय, आणि कुठल्या ते तुम्ही ठरवा. बघा, मी किती लोकशाहीवाला माणूस आहे."

"लोकशाहीत न जायचा पर्याय असतो का?" विगोने मागच्या बाकावरून विचारलं.

"असतो की. त्याला गैरहजेरी म्हणतात, आणि ती मी तुझ्या आईला कळवतो."

विगो मोठ्याने वाचू लागला. "'वेतनवाढीतली ताठरता.' 'दुसऱ्या मुलानंतर बापांची रजा.' 'घरभाडं आणि तरुणांचं स्थलांतर.' योर्गेन, खरं सांग, हे ऐकायला कोणी माणसं येतात?"

"इतकी वर्षं मी तुझं ऐकतोय, मग हे ऐकणारंही कोणीतरी असेल."

वर्ग हसला. सिग्नेही हसली, आणि हसता हसताच तिची नजर चौथ्या ओळीवर गेली.

"खिशात दगड घेऊन पोहायचं": एका बेटावरचा विश्वास आणि मौन. प्रबंधाचा अंतिम सेमिनार. मालिन फ्रेडहोल्म.

सिग्नेचं हसू तोंडातच राहिलं. कोणीतरी मानेवर बर्फ ठेवावा तसं झालं तिला. ते वाक्य तिचं होतं. तिच्या तोंडून निघालेलं, जसंच्या तसं, दोन वर्षांपूर्वी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दार लावून. आणि आता ते अवतरणात बसून, पडद्यावर वीतभर अक्षरांत, सगळ्या वर्गाकडे बघत होतं.

"ही या लोकांची जुनी खोड," योर्गेन सांगत होता. "कोणाची तरी मुलाखत घ्यायची, त्यातलं एक चटकदार वाक्य उचलायचं आणि प्रबंधाच्या डोक्यावर टांगायचं. मग दोन टिंबं, आणि खाली काहीतरी कोरडं ठाक. वाक्य ज्याचं असतं त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो."

"अगं," सिग्नेच्या शेजारी बसलेली एम्ब्ला एकदम ताठ झाली. "हे तर होकानचं आहे."

होकान म्हणजे सिग्नेचे बाबा. लहानपणी पैज लावून ते चड्डीच्या दोन्ही खिशांत दगड भरून धक्क्यावरून समुद्रात उतरले होते आणि जवळजवळ तळालाच गेले होते. ग्रोहोल्म बेटावर ही गोष्ट न ऐकलेलं माणूस नाही. तेव्हापासून घरात कोणी काही लपवून कुढत बसलं की बाबा म्हणायचे, बाहेर काढ बघू, खिशात दगड घेऊन पोहू नकोस. बेटावर दुसरं कोणी असं बोलत नसे. ते होकानचंच होतं, जशी त्यांची ती भोकं पडलेली हिरवी टोपी होकानची होती.

"म्हणजे ती बाई तुझ्या बाबांशी बोलली?" एम्ब्लाचे डोळे चमकत होते. "होकान फेमस झाला म्हण की. सांगितलं नाहीस ते."

आता काय बोलायचं? विचार करायला वेळच नव्हता. सिग्ने म्हणाली, "हो. बोलली होती थोडं."

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं की आपण दार लावलं. सिग्नेलाही तसंच वाटलं.

"योर्गेन," एम्ब्लाने हात वर केला, "चार नंबर. ते आमचं बेट आहे. मला जायचंच."

आणि बाकीच्यांना काय, कुठेही गेलं तरी तास बुडणारच होता. सगळे हात वर गेले. एक सिग्नेचा राहिला होता, तोही एम्ब्लाने धरून वर केला.

*

काय झालं होतं ते सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी सिग्ने चौदाची होती आणि तिच्या अंगात न्याय संचारला होता. त्या वर्षी शाळेत त्यांनी शेवंडांवर प्रकल्प केला होता. हंगाम सप्टेंबर सरता सरता उघडतो, त्याच्या आधी एकही पिंजरा पाण्यात टाकायचा नाही, आणि गाभोळी असलेली मादी सापडली तर परत सोडायची. तिने तक्ता रंगवला होता, बक्षीसही मिळालं होतं. आणि हंगाम उघडायच्या आधीच्या एका संध्याकाळी तिने केनेतला आपल्या बोटीतून पिंजरे ओढताना पाहिलं. टोपलीत शेवंडं होती. पोटाखाली काळीशार गाभोळी लगडलेल्या माद्याही होत्या.

केनेत म्हणजे एम्ब्लाचा बाप.

तिने तटरक्षकांच्या नंबरवर फोन केला. नाव सांगितलं नाही. तिला वाटलं, येतील, रागावतील, माद्या सोडायला लावतील आणि जातील. पण ते आले आणि केनेतचे पिंजरे घेऊन गेले, मग प्रकरण न्यायालयात गेलं, परवाना गेला, आणि परवान्याच्या मागोमाग बोटही विकावी लागली. ज्या माणसाची बोट बेटावर सगळ्यांत आधी निघायची, तो आता धक्क्यावर उभा राहून फेरीबोटीचे दोर बांधतो.

आणि बेटाने ठरवलं की हे रुनारचं काम. रुनार शहरातून राहायला आलेला एक एकटा माणूस. गळ्यात दुर्बीण, पक्षी बघायचा. दुर्बीण असलेला माणूस पक्षी बघत नसतो हे लोकांनी स्वतःच ठरवून टाकलं. दुकानात त्याच्याशी कोणी बोलेना. एका सकाळी त्याच्या होडीचा दोर कापलेला सापडला. त्याच्या दाराशी हेरिंग माशांची डोकी टाकायला एम्ब्ला गेली होती आणि बादलीची दुसरी बाजू सिग्नेने धरली होती. हो, धरली होती. नाही म्हणाली असती तर एम्ब्लाने विचारलं असतं, का?

वसंतापर्यंत रुनार घर विकून गेला.

हे सगळं सिग्ने जगात एकाच माणसाला बोलली होती. मालिन फ्रेडहोल्म शाळेत आली होती, बेटांवरच्या मुलांशी बोलायला. हसरी, मोठ्या चष्म्याची. टेबलावर रेकॉर्डर आणि वेलदोड्याचे गोड पाव. तिने विचारलं होतं, तुमच्याकडे कोण कोणावर विश्वास ठेवतं? साधा प्रश्न. आणि सिग्नेच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर आलं. माणूस कधी कधी परक्यालाच सांगतो. मालिनने पाव पुढे सरकवला होता आणि म्हणाली होती, तुझं नाव कुठेही येणार नाही, हा माझा शब्द.

*

त्या संध्याकाळी बाबा चिरलेला शेपू बटाट्यांवर भुरभुरवत होते.

"चेहरा असा का? कोणी मेलं का?"

"काही नाही. पुढच्या आठवड्यात शहरात जायचंय. विद्यापीठात."

"मग चांगलंय की. शहाणी होऊन ये. घरात कोणीतरी शहाणं हवंच." बाबांनी तिच्या ताटात मासा वाढला. "केनेत म्हणत होता, एम्ब्ला घरी सगळ्यांना सांगत सुटलीय की माझं नाव पुस्तकात आलंय. माझं कसलं नाव? त्या बाईला मी दारातूनच परत पाठवलं होतं."

सिग्नेच्या हातातला काटा थांबला. "तू सांगितलंस तसं केनेतला?"

"सांगितलं. तो हसला. म्हणाला, लाजू नकोस." बाबाही हसले. "जाऊ दे. केनेतला हसायला काही मिळालं तर मिळू दे. आधीच कमी मिळतं."

सांगावं, आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. शब्द अगदी दातांपर्यंत आले. पण बाबा केनेतचं नाव घेताना जो आवाज काढत, तो आजारी माणसाच्या खोलीत काढतात तसा मऊ होता. ती बटाटे खात राहिली.

मग खोलीत जाऊन तिने मालिनला लिहिलं. माझा वर्ग तुझ्या सेमिनारला येतोय. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण येतेय. तुला माहीत आहे ती कोणाची मुलगी आहे. कृपा करून ते वाक्य काढ.

उत्तर लगेच आलं. मालिनने लिहिलं होतं की मसुदा सगळ्यांना वाटून झालाय, आता शीर्षक बदलता येत नाही, पण काळजी करू नकोस. तू त्यात कुठेच नाहीस. तुझ्या घरच्यांनासुद्धा तू सापडणार नाहीस. मी फार काळजी घेतलीय.

सिग्नेने ते इतक्या वेळा वाचलं की शेवटी त्याचा काही अर्थच उरला नाही. तरी छातीवरचा दाब जरा हलका झाला. अभ्यास केलेली बाई आहे, हेच तिचं काम आहे, तिला कळत असणार. असं स्वतःला समजावत ती झोपली. सकाळी उठली तर पोट दुखत होतं. बाबा म्हणाले, पोट विद्यापीठातही दुखतं, जा.

*

ते पोहोचले आणि खोली रिकामी. लांब टेबल, खुर्च्या, कॉफीचे थर्मास, पावांचं तबक, आणि माणूस एकही नाही.

"चुकीची खोली," विगो म्हणाला. "किंवा मी म्हणालो होतो तेच खरं, कोणी येतच नाही."

"इथे घड्याळ पाव तास मागे चालतं," योर्गेन म्हणाला. "एक म्हणजे सव्वा. फार जुनी रीत आहे. बसा आणि पावांना हात लावू नका. विगो, मी तुझ्याकडे बघून बोलतोय."

एम्ब्लाने दुसऱ्या रांगेत जागा धरली, सिग्नेला शेजारी बसवलं. "इथून नीट ऐकू येईल. मी रेकॉर्ड करू का? बाबांना ऐकवायचंय. होकानचं वाक्य आलं की."

"रेकॉर्ड करायला परवानगी नसते," सिग्ने घाईने म्हणाली. असते की नसते हे तिला कुठे माहीत होतं.

"तू घाबरलीयस का?"

"मी कशाला घाबरू?"

"तुझे हात गार पडलेत."

हळूहळू माणसं येऊ लागली. स्वेटर, दाढ्या, कापडी पिशव्या, आणि प्रत्येकाच्या काखेत तोच जाडजूड मसुदा. मग मालिन आली. तिने खोलीभर हसून पाहिलं, पाहता पाहता तिची नजर सिग्नेवर आली, तिथून शेजारच्या एम्ब्लावर गेली, आणि हसू जागच्या जागी गोठलं. मग तिने डोळ्यांनीच कॉफीच्या टेबलाकडे खुणावलं.

सिग्ने उठली. "पाणी पिऊन येते."

थर्मासशी दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, अनोळखी माणसं राहतात तशा.

"तीच का?" मालिन कपात बघत पुटपुटली.

"तीच."

"शांत राहा. काही होणार नाही. बेटाचं नाव बदललंय, शेवंडांचे खेकडे केलेत, त्या मच्छीमाराचं नाव लार्स ठेवलंय. आणि तुला तर मी पार बदलून टाकलंय. शाळकरी मुलीचा कोणाला संशयसुद्धा येणार नाही." तिच्या आवाजात जरा अभिमान होता. "तू आता आर्ने आहेस. पन्नाशीतला पुरुष, जन्मापासून बेटावर राहिलेला."

सिग्नेला हसू फुटलं. सुटकेचंच होतं ते. पन्नाशीतला पुरुष. ती आर्ने. अशी मिशीबिशी असलेली.

आणि मग, कप ओठांशी नेता नेता, तिच्या आत काहीतरी घसरलं.

पन्नाशीतला पुरुष. जन्मापासून बेटावर. आणि त्याच्या तोंडी खिशातले दगड.

"मालिन," ती घाईघाईने म्हणाली. "मालिन, ते वाक्य माझं नाहीये. म्हणजे माझं आहे, पण मूळ बाबांचं आहे. बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे. माझे बाबा पन्नाशीचे…"

"बसून घेऊ या का सगळ्यांनी," टेबलाच्या टोकाशी बसलेला प्राध्यापक म्हणाला. त्याने दार लावलं. माणसं खुर्च्या ओढू लागली, कोणीतरी मालिनच्या खांद्यावर हात ठेवून तिला तिच्या जागेकडे नेलं. जाताना तिने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून सिग्नेला कळेना, तिने ऐकलं की नाही.

*

प्राध्यापकाने पाहुण्यांसाठी, म्हणजे वर्गासाठी, रीत समजावून सांगितली. इथे आपलं लिखाण आपण सांगायचं नसतं. ते बाहेरून आलेली परीक्षक सांगेल, तिला जसं समजलं तसं. लिहिणाऱ्याने तोवर ऐकायचं. मधे बोलायचं नाही. पाळी शेवटी येते.

"म्हणजे स्वतःच्याच बारशाला तोंडाला कुलूप," विगो कुजबुजला. योर्गेनने त्याच्याकडे पाहिलं.

परीक्षक नॉर्वेची होती, तोरुन नावाची, पिकल्या केसांची. तिच्या मसुद्यातून पिवळ्या चिठ्ठ्या जिभांसारख्या बाहेर आल्या होत्या. एकेका मुद्द्यावर बोलून झालं की ती चिठ्ठी उपटून टेबलाच्या कडेला चिकटवायची. तिचा आवाज गोड, वरखाली होणारा, लेकरांना गोष्ट सांगावी तसा. आणि त्याच गोड आवाजात ती पुढे पुढे येत होती.

पहिलं प्रकरण. विश्वास म्हणजे काय, त्यावर कोणी कोणी काय म्हटलंय. एक चिठ्ठी गेली. दुसरं प्रकरण, पद्धत. तीन चिठ्ठ्या गेल्या. एम्ब्ला कंटाळून पेन चावत होती. सिग्नेला मात्र चिठ्ठ्यांवरून नजर हलवता येईना. बोटं दुखत होती, मग तिच्या लक्षात आलं की ती खुर्चीची कड आवळून बसलीय. उठून ओरडावं का? चक्कर आल्याचं सोंग करावं? एम्ब्लाला बाहेर न्यावं, काहीही सांगून?

"एम्ब्ला, मला बरं वाटत नाही. चल ना बाहेर."

"आत्ता? आत्ता तर बेट आलंय. थांब थोडं."

बेट आलं होतं. तोरुन म्हणत होती की आता हा प्रबंध कोरड्या जमिनीवरून पाण्यात उतरतो. खेकडे, हंगाम, लार्स नावाचा मच्छीमार. एम्ब्लाने पेन खाली ठेवलं.

"खेकडे?" ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे खेकड्यांवर कोण…" आणि गप्प झाली.

सिग्नेने पाहिलं की ती ऐकतेय. नुसती बसली नाहीये, ऐकतेय. परवाना गेला, बोट गेली, गावाने एका परक्याला पकडलं. एम्ब्लाची पाठ हळूहळू ताठ होत गेली. तिच्या बापाची गोष्ट एक परकी बाई गोड आवाजात सांगत होती आणि लोक माना डोलवत टिपणं काढत होते.

"आणि इथे," तोरुन म्हणाली, "मला या प्रबंधाचं काळीज दिसतं. मी एक उतारा वाचणार आहे."

मालिन ताडकन म्हणाली, "तो उतारा सोडून देता येईल का?"

खोलीत हलकं हसू उसळलं. प्राध्यापक म्हणाला, "मालिन, तुझी पाळी नंतर."

"मला वाटतं तो मसुद्यात नकोच. मी तो काढणार आहे."

"पण तोच सगळ्यात चांगला आहे," तोरुन चकित होऊन म्हणाली, अगदी मनापासून, कौतुकाने. "असं नको करूस. ऐका सगळे. हा आर्ने. पन्नाशी ओलांडलेला, बेटावरच जन्मलेला." तिने चष्मा सरळ केला. "'फोन मी केला. मला वाटलं, नुसते रागावतील. लार्सच्या टोपलीत अंडीवाल्या माद्या होत्या. मग लोकांनी भलत्याच माणसाला धरलं आणि मी गप्प राहिलो. मी लार्सच्या घरी जेवतो, हसतो, आणि रोज वाटतं आज कळेल. तेव्हापासून मी खिशात दगड घेऊन पोहतोय.'"

कोणीतरी उसासा टाकला. वाचन आवडल्याचा.

एम्ब्ला सिग्नेकडे वळली नाही. समोरच बघत होती. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"तुझे बाबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तो सिग्नेलाच ऐकू आला. "होकान. आमच्या घरी दर शनिवारी पत्ते खेळायला बसतो तो."

"एम्ब्ला, नाही…"

"तूच म्हणालीस. ती तुझ्या बाबांशी बोलली म्हणून." तिने खिशातून फोन काढला. मांडीवर धरला. बापाचं नाव उघडलं आणि लिहायला लागली. अंगठे भराभर चालत होते.

सिग्नेला दिसत होतं ते. होकानने केलं. दोनच शब्द, आणि त्यापुढे अजून काहीतरी येत होतं. हे गेलं की संपलं. केनेत बाबांकडे जाईल. बाबा म्हणतील, मी त्या बाईला दारातून परत पाठवलं. आणि केनेत विश्वास ठेवणार नाही, कारण बाबा आधीच तसं म्हणाले होते आणि तो हसला होता. बेट रुनारला विसरून जाईल आणि होकानला धरेल. दोर. हेरिंगची डोकी. आणि यातलं काही थांबवायचं तर एकच वाट होती, आणि त्या वाटेवर एम्ब्ला उभी होती.

इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने फोनवर हात ठेवला.

"आर्ने मी आहे," ती म्हणाली. "बाबा नाहीत. फोन मी केला होता."

एम्ब्लाने आता पाहिलं तिच्याकडे. पहिल्यांदा न समजल्यासारखं. मग समजल्यासारखं. ते जास्त वाईट होतं.

खुर्ची मागे करकरली. सगळी खोली वळली. एम्ब्ला लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर गेली आणि तिच्या मागोमाग सिग्ने. मागे तोरुनचा गोंधळलेला आवाज आला, "काही चुकलं का?" आणि मालिनचा, "हो. माझं."

*

कॉरिडॉरमध्ये भिंतीवर पुढच्या महिन्याच्या सेमिनारांचे कागद लावलेले होते. एम्ब्ला त्यांना पाठ लावून उभी होती.

"मला वाटलं, रागावतील आणि जातील," सिग्ने म्हणाली.

"ते ऐकलं मी. वाचून दाखवलं तिने."

"मला सांगायचं होतं."

"कधी? रुनारच्या दारात? बादली घेऊन?" एम्ब्लाचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "तू ती बादली धरली होतीस, सिग्ने. मी बावळट होते, मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तुला माहीत असताना तू माझ्यासोबत हसत होतीस."

सिग्ने भिंतीवरच्या कागदांकडे बघत राहिली.

"बाबा त्या हिवाळ्यात बिछान्यातून उठत नव्हते," एम्ब्ला म्हणाली. "तू यायचीस. त्यांच्यासाठी सूप आणायचीस. आई म्हणायची, सिग्नेसारखी पोरगी नाही. हे सगळं कशासाठी होतं? दयेसाठी? की कोणाला कळू नये म्हणून?"

"दोन्ही," सिग्ने म्हणाली. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं की हे खरं आहे, म्हणेपर्यंत.

एम्ब्लाने फोनकडे पाहिलं. होकानचं नाव तिने एकेक अक्षर करत पुसलं. त्या जागी दुसरं नाव लिहिलं नाही. पडदा रिकामा राहिला आणि मग विझला.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तू बाबांना सांग. धक्क्यावर असतील ते. आज. नाहीतर मी सांगेन, आणि मी चांगल्या शब्दांत नाही सांगणार."

*

परतीच्या फेरीबोटीवर वर्गातले दोघं-तिघंच होते, बाकीचे किनाऱ्यावरच राहणारे. एम्ब्ला खाली बसली, सिग्ने वर, वाऱ्यात. नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला वाटलं तेवढं बरं झालं, कशाचं पाणी ते कळत नाही. ती वाक्यं जुळवत होती. केनेत, मला माफ कर. केनेत, मी तेव्हा चौदाची होते. सगळी खोटी वाटत होती. चौदाची होते हे तर त्यालाही मोजता येत होतं.

बेट जवळ येत गेलं तशी तिची भीती मोठी होत गेली. तिला वाटलं, फेरी बंद पडावी. धुकं यावं. काहीच आलं नाही. धक्का नेहमीसारखा समोर आला, आणि धक्क्यावर नारिंगी जाकिटातला केनेत, हात वर करून दोर झेलायला उभा.

त्याने दोर झेलला, खांबाला वेढा दिला. "काय मग," तो म्हणाला, "शहाण्या झालात का? होकानचं काय लिहिलंय त्या बाईने?"

एम्ब्ला त्याच्या बाजूने पुढे निघून गेली, काही न बोलता, आणि शेडच्या भिंतीशी थांबली. केनेतने तिच्याकडे पाहिलं, मग सिग्नेकडे.

"भांडलात?"

"होकानचं काही लिहिलेलं नाही," सिग्ने म्हणाली. जुळवलेली सगळी वाक्यं उडून गेली होती. "ते माझ्याबद्दल आहे. तटरक्षकांना मी फोन केला होता. रुनारने नाही. बाबांनी नाही. त्यांना अजून माहीतही नाही. मी केला."

फेरीचं इंजिन बंद झालं. केनेत दोराची गाठ अर्धी मारून थांबला होता. आता ती पुरी केली, एक फास, दुसरा फास, आवळून. हात अगदी शांत चालत होते आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तो काही तरी ओरडेल, असं तिला वाटलं होतं. त्यासाठी ती तयार होती.

"रुनारचा दोर मी कापला होता," तो म्हणाला. तिला नाही, खांबाला सांगितल्यासारखं.



"घरी जा. आधी होकानला सांग. माझ्या तोंडून त्याला कळायला नको." तो सरळ उभा राहिला आणि तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते तिला वाचता येईना. शत्रूची नव्हती, पण शनिवारच्या पत्त्यांमधलीही नव्हती. "आणि उद्या सकाळी पहिल्या फेरीच्या वेळी ये इथे."

"कुठे जायचंय?"

"रुनारकडे." तो वळला, एम्ब्लाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं शेडमागच्या वाटेने चढू लागले. एम्ब्लाने एकदाही मागे पाहिलं नाही.

सिग्ने दुसऱ्या वाटेने निघाली. वर, चढाच्या टोकाला, स्वयंपाकघराचा दिवा लागला होता आणि खिडकीत बाबा काहीतरी चिरत होते, मान खाली घालून, बहुतेक स्वतःशीच गुणगुणत. अजून त्यांना काहीच माहीत नव्हतं. ती फाटकाशी पोहोचली, कडीवर हात ठेवला. मग तिने कडी काढली आणि ती आत गेली.